त्या मुलीला गटातून काढू नका

प्रिय भगिनी,

तुमच्या धर्मग्रामातील, म्हणजे स्थानिक चर्चच्या परिसरातील, तरुण-तरुणींनी वर्षभर महाविद्यालयांत जाऊन गर्भातील जीवाच्या रक्षणाचे मिशनकार्य करावे, म्हणून तुम्ही त्यांची तयारी करून घेत आहात. सरावाच्या चर्चेत एका मुलाने गर्भपात करणाऱ्या स्त्रीला ‘खुनी’ म्हटले, तेव्हा एक मुलगी उठून बाहेर गेली आणि नंतर तिने एकांतात तुम्हाला सांगितले की, तिने स्वतः पूर्वी गर्भपात करून घेतला होता. तिला गटात ठेवावे का आणि आपले प्रशिक्षणच चुकले का, हे तुमचे दोन प्रश्न आहेत.

तिला काढू नका. तिने सांगितलेले तिच्या परवानगीवाचून कोणालाही कळता कामा नये, अगदी धर्मगुरूंनाही तुमच्याकडून कळू नये. तिला प्रायश्चित्त संस्कार घ्यावासा, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापाची कबुली देऊन क्षमा मागावीशी वाटली, तर मात्र मार्ग मोकळा आहे, हे तिला अवश्य सांगा. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या ‘इव्हान्जेलियुम व्हिते’ या 1995 च्या परिपत्रकातील नव्व्याण्णवावा परिच्छेद तिच्यासोबत बसून वाचा. गर्भपात केलेल्या स्त्रियांशी ते तिथे थेट बोलतात, झाले ते गंभीर चूकच होते हे लपवत नाहीत, आणि तरीही खचू नका, आशा सोडू नका, असे सांगून अशा स्त्रिया जीवनाच्या अत्यंत प्रभावी कैवारी होऊ शकतात, असा विश्वास दाखवतात. हे वाचून तिला व्यासपीठावर उभे करून साक्ष द्यायला लावण्याचा मोह तुम्हाला होईल. तो कृपा करून आवरा. साक्ष द्यायची की नाही आणि कधी द्यायची, हे केवळ तिने ठरवायचे आहे.

आता प्रशिक्षणाविषयी. तुम्ही मुलांना युक्तिवाद शिकवलेत, ते योग्यच झाले. गर्भातील जीव देवाने घडवला आहे, हे बायबलमधील एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रावरून त्यांना सांगता आले पाहिजे, आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या ‘दिदाखे’ या शिकवणुकीत गर्भपात व जन्मलेल्या बाळाची हत्या एकाच वाक्यात निषिद्ध ठरवली आहे, हेही त्यांना ठाऊक असावे. वैद्यकीय माहिती मात्र डॉक्टरांकडूनच द्या, कारण एक अतिशयोक्त विधान पकडले गेले की पुढचे खरेही कोणी ऐकत नाही. पण त्या मुलाचा शब्द निर्दय होता आणि शिवाय त्याने सगळा दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारला, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. त्याच परिपत्रकात बाळाच्या पित्याची जबाबदारी स्पष्ट सांगितली आहे: तो दबाव आणतो किंवा तिला एकटी सोडतो, तेव्हा तोही दोषी ठरतो. कुटुंबाच्या आणि मित्रांच्या दडपणाचाही तिथे उल्लेख आहे. तुमच्या गटातील मुलग्यांनी हा भाग आधी वाचावा.

माझ्या मते क्रम बदलायला हवा. ‘सिस्टर्स ऑफ लाइफ’ हा धर्मभगिनींचा संघ 1991 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांबरोबर जीवनरक्षणाचे चौथे व्रत घेणाऱ्या या भगिनी आधार नसलेल्या गर्भवतींना आपल्या मठात राहायला जागा देतात. तुमच्या तरुणांनीही महाविद्यालयात भाषण करण्यापूर्वी काही महिने एखाद्या एकट्या आईचे बाळ सांभाळावे, कोणाला तपासणीसाठी रुग्णालयात सोबत करावी, कोणाला घरी सांगायचे धैर्य होत नसेल तर तिच्या आईवडिलांसमोर तिच्या बाजूला बसावे. मग सरावात त्यांच्यापुढे विरोधक उभा करू नका. ‘मला दिवस गेले आहेत, घरी कळले तर मला हाकलून देतील,’ असे म्हणणारी मुलगी उभी करा, आणि तिला पहिले उत्तर न देता पहिला प्रश्न विचारायला त्यांना शिकवा. चौथ्या बाळंतपणात स्वतःपेक्षा बाळाचा जीव वाचवण्याचा आग्रह धरणाऱ्या आणि 1962 मध्ये मृत्यू पावलेल्या संत जियाना मोल्ला या डॉक्टर मातेची कथा तरुणांना जरूर सांगा, पण घाबरलेल्या मुलीसमोर ती मापदंड म्हणून ठेवू नका.

त्या मुलाशी याच आठवड्यात एकट्याने बोला. मुलगी का उठून गेली, हे त्याला कळण्याचे कारण नाही. जिथे कोणाची कहाणी आपल्याला माहीत नसते, तिथे असा शब्द वापरायचा नाही, एवढे त्याला पुरे. मुलीला मात्र पुढच्या बैठकीआधी भेटा, आणि काही काळ तिला यायचे नसेल तर तिची जागा राखून ठेवली आहे, असे तिला सांगा.