एखादा व्यावसायिक टेनिसपटू निवृत्तीनंतर कॉलेजचा प्रशिक्षक झाला, तर त्याची कारकीर्द फसली असंच म्हणायचं ना?

नाही. ब्रायन शेल्टनचंच बघा.

अलाबामातल्या हंट्सव्हिलचा हा माणूस जॉर्जिया टेक विद्यापीठाकडून खेळून व्यावसायिक झाला. जागतिक क्रमवारीत सर्वोच्च क्रमांक ५५. न्यूपोर्टची हिरवळीवरची स्पर्धा त्यानं १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ जिंकली. १९९४च्या विम्बल्डनला पात्रता फेरीतून आला आणि पहिल्याच सामन्यात दुसऱ्या मानांकित मिखाएल श्टिशला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. तरी आपल्याकडे त्याचं नाव किती जणांना ठाऊक होतं? मलाही नव्हतं.

पुढे तो जॉर्जिया टेकच्याच मुलींचा प्रशिक्षक झाला. २००७मध्ये त्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. मग २०१२मध्ये तो फ्लोरिडा विद्यापीठाच्या मुलांकडे गेला आणि २०२१मध्ये तेही जिंकले. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीतल्या कॉलेज टेनिसमध्ये मुलं आणि मुली, दोन्हींची सांघिक विजेतेपदं मिळवणारा तो पहिलाच प्रशिक्षक.

हे काम काय असतं ते मला भाच्यामुळे कळलं. तो तिकडे एका कॉलेजकडून खेळतो. आधी दुहेरीचे तीन सामने, एकेका सेटचे. त्यातले दोन जिंकले की मिळून एकच गुण. मग सहा कोर्टांवर एकेरीचे सहा सामने एकदमच सुरू. ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाला की सलग दोन पॉइंटची आघाडी, अ‍ॅडव्हान्टेज वगैरे नाही, पुढच्या पॉइंटला गेम खलास. चार गुण आधी मिळवेल तो संघ जिंकला. विम्बल्डनची शांतता तर विसराच, शेजारच्या कोर्टावरची पोरं घसा फोडून ओरडत असतात. प्रशिक्षक थेट कोर्टावर. भाच्याचे सर त्याच्या बाकासमोर उकिडवे बसून बोलत होते आणि डोळे मात्र दोन कोर्टं पलीकडे. मला तर स्कोअरही धड कळेना.

शिवाय हिशेब. शेल्टनच्या काळात मुलांच्या अख्ख्या संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या असायच्या, मुलींना आठ. कुणाला अर्धी, कुणाला पाव, हे ठरवून वर पोरांच्या आईवडिलांची समजूतही प्रशिक्षकानंच काढायची. विम्बल्डनची चौथी फेरी यापेक्षा सोपी असावी.

२०२१च्या अंतिम सामन्यात बेलर विद्यापीठाविरुद्धचा निर्णायक गुण कुणी मिळवला माहितीय? शेल्टनच्याच मुलानं, पहिल्या वर्षाला असलेल्या बेननं. पुढच्या वर्षी बेन एकेरीचा कॉलेज विजेता झाला आणि मग व्यावसायिक. २०२३च्या जूनमध्ये बापानं फ्लोरिडाची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ पोराबरोबर फिरायला लागला. सप्टेंबरमध्ये बेन अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत होता.

आपल्या पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढेसुद्धा ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळलाय. भाच्यानं कॉलेज निवडताना क्रमवारी पाहिली नाही, सर कोण आहेत ते पाहिलं. ताई तेव्हा चिडली होती.