कॅब आदळली, आता भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : माझं कोल्हापुरात छोटं ब्युटी पार्लर आहे, वय ३४. दोन महिन्यांपूर्वी पुण्यात अ‍ॅपवरून कॅब केली होती. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाच्या अलीकडे त्या उतारावर मागून ट्रकने धडक दिली आणि कॅब पुढच्या टेम्पोत घुसली. माझ्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. ट्रकवाला म्हणतो कॅबने मध्येच लेन बदलली, कॅबवाला म्हणतो ट्रकचा ब्रेक फेल. अ‍ॅपवाल्यांना मेल केला तर उत्तर आलं की ड्रायव्हर आमचा कर्मचारी नाही. आता कॅबमालक म्हणतोय पंचवीस हजार घ्या, कागदावर सही करा, विषय मिटवू. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक काम करा, त्या कागदावर सही करू नका. मालक माणूस म्हणून चांगलाही असेल, पण त्या कागदात कुठेतरी 'यापुढे माझी काही तक्रार नाही' अशी ओळ असतेच, आणि पुढे इन्शुरन्सचा वकील तीच ओळ दाखवतो.

चूक ट्रकची की कॅबची ते तुम्ही ठरवत बसायचं नाही. तुम्ही पॅसेंजर, तुमची चूक शून्य. दोन गाड्यांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई वसूल करू शकतो, मग त्यांनी आपसात वाटून घ्यावं, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगून ठेवलंय. म्हणून भरपाईच्या अर्जात कॅब आणि ट्रक दोघांचे मालक, ड्रायव्हर आणि दोन्ही इन्शुरन्स कंपन्या सगळ्यांना पार्टी, म्हणजे प्रतिवादी, करा. एकालाच धरलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार आणि तारखा वाढत जाणार.

अ‍ॅपवाल्या कंपनीचं म्हणाल तर राग बरोबर आहे, पण माझं मत विचाराल तर सगळा जोर तिथे लावू नका. कायद्यात तिची ओळखच मुळी डिजिटल मध्यस्थ अशी आहे, आणि मोटार वाहन कायद्याखाली पैसे मुख्यतः गाडीच्या मालकाच्या इन्शुरन्समधून येतात. तरी भाडं कंपनी ठरवते, ड्रायव्हरवर कंट्रोल तिचा, म्हणून तिलाही पार्टी करा असं वकील म्हणाले तर जरूर करा. भाड्याने घेतलेल्या बसच्या एका केसमध्ये, जिच्या ताब्यात गाडी तिला मालकासारखं धरायचं असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये म्हटलंय, त्यामुळे मुद्दा अगदीच हवेतला नाहीये. अ‍ॅपमध्ये प्रवाशाचा अपघात विमा असला तर तो वेगळा क्लेम करा.

पिवळ्या पाटीच्या कॅबला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा असतो आणि भाडं देऊन बसलेला प्रवासी त्यात येतो. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकला की इन्शुरन्स चालू होता का ते दिसतं, आजच बघा. ट्रिपची पावती मेलमध्ये असेल, तिच्यात ड्रायव्हरचं नाव, गाडी नंबर, वेळ सगळं असतं, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि हॉस्पिटलचा केस पेपर नीट वाचा. पहिल्या पानावर अपघाताची हकीकत लिहिलेली असते, घाईत कोणीतरी 'पडून लागलं' एवढंच लिहून जातं, गाडीचा उल्लेखच नाही, आणि दोन वर्षांनी कोर्टात उलटतपासणी त्याच दोन शब्दांवर रंगते. तसं असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला, एमएलसीची (हॉस्पिटलने पोलिस केस म्हणून केलेली) नोंद आणि एफआयआरची कॉपी जोडा.

अर्ज करायला पुण्याला खेपा घालायला नकोत, तुम्ही राहता तिथल्या म्हणजे कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करता येतो. या कायद्याची २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि तिने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्या भरवशावर राहू नका, तुमचे दोन महिने गेलेत. पोलिसांनी पाठवलेला अपघात अहवालही अर्ज म्हणून धरता येतो, तरी स्वतःचा अर्ज टाकलेला बरा.

आता रक्कम. इन्शुरन्स कंपनी कदाचित कलम १६४ ची ऑफर देईल, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध करायची गरज नाही. ऐकायला गोड आहे, पण ती स्वीकारली की तुमचा मोठा दावा तिथेच संपतो. हिशोब बघा : समजा तुमची कमाई महिना ३०,०००, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. चाळिशीच्या आत स्वतःचा धंदा असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, झाले ५,०४,०००. उभं राहून काम करायची तुमची ताकद कोर्टाने १५ टक्के कमी झाली असं मानलं तर वर्षाचं नुकसान ७५,६००, आणि तुमच्या वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे १२,०९,६००. हॉस्पिटलचा खर्च, वेदना, बंद राहिलेलं पार्लर हे वेगळं. सर्टिफिकेटवर पायाचं अपंगत्व किती टक्के लिहिलंय यापेक्षा कामावर किती परिणाम झाला ते कोर्ट बघतं, म्हणून दिवसभर उभं राहावं लागतं हे पुराव्यात आणा. कमाई दाखवायला आयटीआर, बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी. मेडिक्लेम घेतला असेल तर ती रक्कम भरपाईतून कापायची नाही असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय, तेव्हा कोणी कापायला लागलं तर अडवा.

प्रश्न : माझा भाऊ नागपुरात दुसऱ्याची कॅब पगारावर चालवतो. रात्री डुलकी लागली, गाडी डिव्हायडरवर गेली, हात कायमचा गेला. मालक म्हणतो चूक तुझी, मी का देऊ?

उत्तर : मालकाचं अर्धंच खरं आहे. स्वतःच्याच चुकीवर कलम १६६ चा दावा टिकणं अवघड. पण तो पगारी ड्रायव्हर आहे, कर्मचारी भरपाईच्या तरतुदींत (आधी १९२३ चा कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आली) मालकाची चूक दाखवावी लागत नाही, कामावर असताना अपघात झाला एवढं पुरतं. अर्ज त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, मुदत दोन वर्षं. पगार रोख मिळत असेल तर ट्रिपचा रेकॉर्ड आणि मालकाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, नोकरी होती हेच मालक नाकारतात. दारूचा मुद्दा आला तर मात्र केस कठीण होते.

प्रश्न : ऑफिसला जाताना पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे देऊन शेअरिंग करतो. अपघात झाला तर?

उत्तर : नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी गाडीतला प्रवासी तिच्यात येत नाही, पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी असेल तर येतो. पण पैसे घेऊन माणसं नेली म्हणजे पॉलिसीची अट मोडली असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. त्यामुळे बसण्याआधी गाडीवाल्याला पॉलिसी कुठली आहे ते विचारा, त्याला विचित्र वाटलं तरी चालेल.