कवळी दुसऱ्यांदा तुटली: दुरुस्ती, नवी जोडी की इम्प्लांट?

प्रश्न: वय ६८, राहणार सातारा. दोन्ही कवळ्या सात वर्षांच्या आहेत. वरची जेवताना मधोमध तुटली, त्याच जागी ही दुसरी वेळ. मागच्या वर्षी लॅबमधून जोडून आणली होती. खालची बोलताना उचलते. डॉक्टरांनी सांगितलेले दर असे: दुरुस्ती १,५०० रुपये, नवी जोडी २४,०००, आणि खाली दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू) बसवून त्यावर अडकणाऱ्या कवळीसह नवी जोडी १,३०,०००. क्लिनिक १२ बिनव्याजी हप्ते देते. बचत खात्यात ६०,००० आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३ लाख ठेवून १४ महिने झाले, व्याज ८.२ टक्के. आरोग्य विमा नाही. योजना मोडू का?

उत्तर: नमस्कार ताई. योजना मोडू नका. दुरुस्तीही करा आणि नवी जोडीही करा; इम्प्लांटचा निर्णय सहा महिन्यांनी घ्या.

कवळी बेसिनमध्ये पडून तुटली असती, तर १,५०० रुपयांत विषय संपला असता. एखादा दात निखळला तरी दुरुस्ती पुरते. पण तोंडात असताना, त्याच जागी, पुन्हा तुटली याचा अर्थ ती आता बहुधा नीट बसत नाही. दात काढल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते, टाळूचा मधला कणा मात्र तसाच राहतो. मग कवळी त्या कण्यावर सी-सॉसारखी डुलते आणि प्रत्येक घासाला मधोमध वाकते. जोडणीसाठी लॅब सहसा जे थंड, म्हणजे उष्णता न देता घट्ट होणारे, अ‍ॅक्रिलिक वापरते, ते मूळच्या उष्णतेने पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा कमकुवत असते. म्हणून नुसती जोडत राहिलात तर दर वर्षी १,५०० जातील आणि कारण तसेच राहील. कवळीच्या आतून नवा थर देऊन ती बसती करता येते, त्याला रिलाइनिंग म्हणतात. दात झिजले नसतील तर तो स्वस्त मार्ग आहे. पण सात वर्षांत दातही बहुधा झिजलेले असतात. दोन्ही कवळ्या लावून तोंड मिटल्यावर नाक-हनुवटी जवळ आल्यासारखी वाटत असेल, तर रिलाइनिंगवर पैसे घालू नका.

मग दुरुस्ती कशाला? नव्या जोडीला मापे, चाव्याची नोंद, मेणातली ट्रायल असे चार-पाच खेटे आणि तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस जुनी चालेल आणि पुढे अडीनडीला सुटी जोडी म्हणून पाण्याच्या डबीत राहील (कोरडी ठेवू नका, गरम पाणी तर मुळीच नको, अ‍ॅक्रिलिक वाकते). सगळे तुकडे, बारीक कपचीसुद्धा, लॅबला द्या. घरी इन्स्टंट ग्लू लावू नका. वाळलेल्या ग्लूमुळे कडा केसभर सरकतात, कवळी वाकडी जोडली जाते, आणि १,५०० ची दुरुस्ती होण्यासारखी वस्तू फेकून द्यावी लागते. टोचणारी कड कानशीने घासण्याचा मोहही नको. टोचून झालेली जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर प्रश्न कवळीचाच असेल असे नाही. आधी तोंड तपासून घ्या.

आता १,३०,००० चा हिशेब. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून लागेल तेवढीच रक्कम काढता येत नाही, खाते बंद करावे लागते. एक ते दोन वर्षांच्या आत बंद केले तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे ४,५०० रुपये. उरलेले पुन्हा गुंतवले तरी १,३०,००० वरचे वर्षाला १०,६६० रुपये व्याज कायमचे जाते. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर कपात एक टक्का होते.

‘बिनव्याजी’ हप्त्यांबाबत सावध राहा. हे कर्ज बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचे असते. ती क्लिनिकला आधीच पैसे देते, त्यामुळे उपचार मध्येच थांबले तरी हप्ता थांबत नाही. प्रोसेसिंग फी किती आणि एकरकमी दिल्यास किती सूट, हे दोन आकडे लेखी घ्या. सूट मिळत असेल तर तेच तुमचे व्याज.

इम्प्लांट वाईट आहेत असे नाही. खालच्या कवळीला वरच्यासारखी टाळूची पकड मिळत नाही, म्हणून पुढच्या भागात दोन इम्प्लांटचा खरा उपयोग तिथेच होतो. पण नवी खालची कवळी नीट बनली असेल तर तिच्यातच नंतर इम्प्लांटवर अडकणारी बटणे बसवता येतात, तेव्हा आजचे २४,००० वाया जाणार नाहीत. ही कवळी पुढे इम्प्लांटवर घेता येईल का, हे मापे देण्याआधीच डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधे चालू असतील तर तेही सांगा. बटणांतली नायलॉनची चकती झिजते आणि अधूनमधून बदलावी लागते, तिचा दर विचारायला बहुतेक जण विसरतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: मापांच्या वेळी एक तृतीयांश, मेणाची ट्रायल पसंत पडल्यावर दुसरा, कवळी हातात आल्यावर बाकी. पहिले काही आठवडे टोचणे काढून देणे त्यातच धरलेले असावे. २४,००० जड वाटत असतील तर मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा नायर दंत महाविद्यालयात खर्च बराच कमी येतो. फेऱ्या मात्र जास्त होतात.

तुम्हाला विमा नसल्याने, मुलगा जुन्या करप्रणालीत असेल तर तुमच्या उपचाराचा खर्च तो प्राप्तिकराच्या वजावटीत दाखवू शकतो. मर्यादा ५०,००० रुपये. पैसे त्याच्याच खात्यातून यूपीआय किंवा चेकने जायला हवेत, रोख चालत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

दोन्ही कामे धरून २५,५०० जातात आणि बचत खात्यात ३४,५०० उरतात. योजनेचे दर तिमाहीचे ६,१५० रुपये येत राहतीलच. सहा महिन्यांनी खालची कवळी बोलताना तरीही उचलत असेल, तर इम्प्लांटचा नवा दर घेऊन पुन्हा लिहा.