सरावासाठी .२२ पिस्तूल: किमतीचा नको, पाच वर्षांचा हिशोब करा

प्रश्न: वय ४२, नोकरी कायम. गृहकर्ज चालू आहे. चार महिन्यांचा घरखर्च भागेल इतकी रक्कम आणीबाणीसाठी बाजूला आहे. महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन टार्गेट मारण्याचा छंद लागला आहे, स्पर्धेत उतरायचं नाही. सध्या रेंजचंच पिस्तूल भाड्याने घेतो. परवान्याचं काम झालं आहे. तीन .२२ पिस्तुलं पाहिली आहेत: एक स्वस्त आणि छोटं, एक मधल्या किमतीचं, आणि एक स्पर्धेतलं महागडं, जे बारा हप्त्यांत मिळतंय. तिन्हींचे, गोळ्यांचे आणि रेंजचे भाव सोबत जोडले आहेत. एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं का?

उत्तर: तुमचे सगळे आकडे मी एकाच मापात बसवले. ५०० गोळ्यांचा खोका, ज्याला सगळे ब्रिक म्हणतात, तो एक धरला. तुमच्याच भावांनुसार स्वस्त पिस्तूल ६ ब्रिकचं, मधलं १० चं आणि महागडं ४५ चं पडतं. रेंजची एका फेरीची फी अर्धी ब्रिक, भाड्याचं पिस्तूल पाव ब्रिक. छंदासाठी महिन्याला जी रक्कम काढता येते म्हणता, ती ४ ब्रिकची होते.

आता चालू खर्च बघा. फेरीला १०० गोळ्या, वर्षाला २४ फेऱ्या, म्हणजे २४०० गोळ्या, जवळपास ५ ब्रिक. रेंजची फी १२ ब्रिक. स्वतःचं पिस्तूल असलं तरी वर्षाला १७ ब्रिक आणि पाच वर्षांत ८४ च्या आसपास जाणारच. स्वस्त आणि मधल्या पिस्तुलातला फरक ४ ब्रिकचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरावाइतकाही नाही. त्यासाठी डोकं पिकवू नका, मधलं घ्या. मधल्या आणि महागड्यातला फरक मात्र ३५ ब्रिकचा आहे. तेवढ्यात तुमचा दोन वर्षांचा सराव होतो. स्पर्धा खेळायची नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग हा खर्च कशासाठी? शिवाय आणीबाणीची रक्कम सहा महिन्यांची व्हायच्या आधी छंदासाठी हप्ता लावून घेणं मला पटत नाही. हप्ता बिनव्याजी असला तरी प्रोसेसिंग फी बहुधा असतेच, आणि रोखीवर सूट असेल तर तीही हातची जाते.

स्वस्त पिस्तूल नको म्हणण्यामागे फक्त हे गणित नाही. .२२ एलआर हे काडतूस १८८७ पासूनचं. त्यात ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो. तो कडेभर सारखा पसरला नसेल आणि फायरिंग पिन नेमकी रिकाम्या जागी आपटली, तर गोळी सुटत नाही. मोठ्या सेंटरफायर (मसाला बुडाच्या मधोमध असलेल्या) काडतुसांपेक्षा फुसकी निघण्याचं प्रमाण इथे जास्तच. दुसरी अडचण ताकदीची. या पिस्तुलांत स्लाइड (मागेपुढे सरकणारा भाग) मागे ढकलून पुढची गोळी भरण्याचं काम त्या एवढ्याशा काडतुसाच्या धक्क्यावरच चालतं. खोक्यावर सेकंदाला १०७० फुटांच्या आसपास वेग लिहिलेल्या साध्या गोळ्या अनेक छोट्या पिस्तुलांची स्लाइड पूर्ण मागे नेत नाहीत. रिकामं काडतूस बाहेर पडायच्या दारातच उभं अडकतं. मग १२०० फुटांच्या वरच्या वेगवान गोळ्याच घ्याव्या लागतात, आणि त्या बहुधा महाग असतात. स्वस्त पिस्तुलाची वसुली अशी गोळ्यांतून होते. त्यात स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर हजारो गोळ्यांनंतर ती पोलादाइतकी टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. आखूड नळीमुळे पुढची आणि मागची माशी (नेम धरायची खूण) जवळ येते आणि नेम धरताना झालेली बारीक चूकही टार्गेटवर मोठी दिसते.

मधल्या किमतीत पाहायचं ते असं: नळी जागच्या जागी पक्की, लांबी साडेपाच इंचाच्या आसपास, वजन किलोभर, मागची माशी स्क्रूने हलवता येणारी. रुगर मार्क ४, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी ही याच वर्गातली नावं. यांत निवड करताना मी दुकानात चाप किती हलका लागतो यापेक्षा पिस्तूल सफाईसाठी उघडायला किती सोपं आहे हे आधी पाहीन, कारण .२२ फार घाण करतं. मार्क ४ मागचं एक बटण दाबलं की उघडतं. त्याच घराण्यातली जुनी मॉडेलं परत जोडताना भलेभले घाम गाळतात. जे उघडायला कटकटीचं, ते साफ होत नाही, आणि साफ न केलेलं .२२ अडकायला लागतं.

पैसे फारच आखडते असतील तर सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर हा मला स्वस्त पिस्तुलापेक्षा बरा पर्याय वाटतो. घोडा दर वेळी अंगठ्याने ओढायचा, गोळ्या एकेक करून भरायच्या. स्लाइडच नाही, त्यामुळे कमी वेगाच्या गोळ्यांचीही तक्रार नाही. शिवाय भरणं इतकं सावकाश होतं की तासाभरात १०० गोळ्या उडवणंही जड जातं. खर्चाला लगाम घालणारं दुसरं हत्यार मला माहीत नाही.

पिस्तुलासोबतचा खर्च लोक हमखास विसरतात. कानाचे मफ, चष्मा, कुलपाची पेटी आणि सफाईचं सामान मिळून ५ ब्रिक धरा. .२२ पिस्तुलाचा आवाजही १४० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कानांवर कंजुषी नको. जादा दोन मॅगझिन (गोळ्या भरायचे कप्पे) २ ब्रिक. चाचणीच्या गोळ्या १ ब्रिक. पिस्तूल धरून एकूण १८ ब्रिक झाले.

चाचणीची ब्रिक वाया गेली असं समजू नका. एकदम ५००० गोळ्या घेऊन टाकण्याआधी पाच प्रकारच्या गोळ्यांचे ५० चे दोन-दोन डबे घ्या. १५ मीटरवर हात टेकवून प्रत्येक प्रकाराचे दहा-दहाचे पाच गट मारा आणि प्रत्येक गटाची रुंदी, म्हणजे टार्गेटवरची भोकं किती पसरली ते, मोजा. उरलेल्या ५० फक्त अडकतात का ते पाहण्यासाठी. प्रत्येक अडकण्याची नोंद करा: सुटलीच नाही, रिकामं काडतूस बाहेर पडलं नाही, की पुढची गोळी चढली नाही. नवं पिस्तूल पहिल्या दोन-तीनशे गोळ्यांत थोडं कुरकुरतं, ते सोडून द्या. एखाद्या पिस्तुलाला स्वस्त गोळी मानवते आणि महाग मानवत नाही, असंही होतं. मानवली तर पाच वर्षांत तिथेच खरी बचत आहे, कारण .२२ ची रिकामी काडतुसं पुन्हा भरून वापरता येत नाहीत.

मात्र साठा सहा महिन्यांच्या पलीकडे नको. २०१३ च्या सुमारास अमेरिकेत .२२ गोळ्यांची टंचाई झाली, तेव्हापासून साठेबाजीची सवय बऱ्याच जणांना लागली आहे. तुमच्या १२०० गोळ्या पुरेशा आहेत. त्याहून जास्त म्हणजे पैसा पेटीत पडून राहिला. परवान्यावरची साठ्याची मर्यादा आधी बघा.

मॅगझिन भरताना एक काळजी: वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. उलट झालं की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि लोक पिस्तुलाला नावं ठेवतात. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबा, मगच ती काढा. दर ३०० ते ५०० गोळ्यांनी चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) आणि त्याच्या मागची सपाट जागा ब्रशने साफ करा, मेण आणि काजळी तिथेच साचते. नळीला वारंवार घासायची गरज नाही. घरी आल्यावर आधी हात धुवा, शिसं असतं.

आता वेळापत्रक. भाड्याच्या पिस्तुलावर एक फेरी फी, भाडं आणि गोळ्या धरून ०.९५ ब्रिकला पडते. महिन्याच्या दोन फेऱ्या १.९. तुमच्या चारपैकी उरतात दोन, ते वेगळ्या खात्यात टाका. नऊ महिन्यांत १८ ब्रिक रोख जमतात. या काळात भाड्यापोटी साडेचार ब्रिक जातील हे खरं, पण महिन्याला दोन फेऱ्या खरोखर होतात की नाही हे त्यातून कळेल. पहिल्या चार महिन्यांत आठऐवजी चारच फेऱ्या झाल्या, तर खरेदी पुढे ढकला: वर्षाला बारा फेऱ्यांवर मधल्या पिस्तुलाची १० ब्रिक किंमत भाड्यातून फिटायला तीन वर्षांच्या वर लागतात. रेंजच्या वार्षिक सभासदत्वालाही हाच नियम. तुमच्या पत्रात ते ९ ब्रिकला आहे, म्हणजे वर्षाला १८ फेऱ्यांच्या वर गेलात तरच फायदा.

खरेदीनंतर चालू खर्च महिन्याला १.४ ब्रिकवर येतो. उरलेले २.६ आधी आणीबाणीच्या रकमेत, ती सहा महिन्यांची झाली की गृहकर्जाच्या मुदलात.

वापरलेलं पिस्तूल स्वस्तात मिळालं तर वेळ अर्थातच वाचेल, पण आधी तपासा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा. मग चेंबरच्या तोंडाच्या काठावर टॉर्च मारा. तिथे फायरिंग पिनची खाच दिसली तर आधीच्या मालकाने रिकाम्या पिस्तुलाचे चाप खूप ओढले आहेत. अशा चेंबरमध्ये काडतुसं अडकतात आणि दुरुस्तीला पैसे पडतात. मॅगझिनचे ओठ वाकलेले नाहीत ना, नळीच्या तोंडाला ठेच नाही ना, तेही बघा. मार्क ४ असेल तर बनण्याची तारीख विचारा. १ जून २०१७ पूर्वीची पिस्तुलं कंपनीने परत बोलावली होती, कारण सेफ्टी (चाप अडवणारी कळ) चालू-बंदच्या मध्ये अधांतरी असताना चाप ओढला आणि मग सेफ्टी हलवली, तर गोळी सुटू शकत होती. दुरुस्ती झाली आहे का ते नंबरावरून कंपनीकडे विचारता येतं. लाकडी मूठ, रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) वगैरे जोडलेल्या वस्तूंचे जादा पैसे मात्र देऊ नका. तुम्ही विकायला जाल तेव्हा तेही कोणी देणार नाही.