महामार्गालगतच्या कोकणी घराला दुहेरी काचेच्या खिडक्या: कुठे लावाव्यात, कुठे नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: चिपळूणच्या अलीकडे, मुंबई–गोवा महामार्गापासून साठेक मीटरवर आपले जांभ्याचे जुने घर आहे, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि मागे कौले आहेत. जर्मनीत राहणाऱ्या भावाने तीन काचांच्या खिडक्या सुचवल्या आहेत. त्या लावल्या तर घर शांत होईल का, आणि पावसाळ्यात व थंडीत आईंना गारठा कमी लागेल का, हे आपल्याला हवे आहे. मी हातखंब्याजवळ याच महामार्गाच्या चढाला लागून राहतो. माझी नोकरी बांधकामावरील देखरेखीची होती, तरीही सहा वर्षांपूर्वी हा खर्च मी एकदा चुकीचा आणि एकदा बरोबर असा दोनदा केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उबेचे पाहू, कारण ते लवकर संपते. काच स्वतः ऊब देत नाही; घरात हीटर लावून केलेली ऊब बाहेर निसटू द्यायची नाही, एवढेच तिचे काम. किती ऊब निसटते ते यू-मूल्यावरून कळते. आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर काचेतून जितके वॅट उष्णता जाते, ते तिचे यू-मूल्य. साध्या एकेरी काचेचे ते 5.7 च्या आसपास, मध्ये 12 मिलिमीटर हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेचे 2.8 च्या आसपास, आणि उष्णता परतवणारा पातळ लेप व पोकळ्यांत आर्गॉन वायू असलेल्या तिहेरी काचेचे 0.7 च्या आसपास असते. जर्मनीत बाहेर उणे पाच आणि आत वीस अंश असताना या फरकाने इंधनाचे बिल खरोखरच उतरते, त्यामुळे आपले बंधू त्यांच्या जागी बरोबरच आहेत. आपल्याकडे मात्र डिसेंबरच्या पहाटे पारा अठरा-वीस अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि घरात हीटर नसतोच, तेव्हा राखून ठेवायची ऊब आणायची कुठून? आईंना लागतो तो गारठा काचेतून येत नाही. जुन्या चौकटीच्या फटींतून शिरणारा ओला वारा आणि भिंतीत मुरलेली ओल यांचा तो गारठा आहे, आणि त्यावर तिसरी काच नव्हे, तर फटी बुजवणे हा इलाज आहे.

कोकणात काचेची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते, तीही पश्चिमेच्या खिडकीवर. दीड चौरस मीटरच्या खिडकीचा हिशेब मांडून पाहा. बाहेर 32 आणि वातानुकूलित खोलीत 26 अंश असताना एकेरी काचेतून केवळ तापमानाच्या फरकामुळे पन्नासेक वॅट उष्णता आत येते, दुहेरी काचेतून पंचवीसेक. म्हणजे वाचले ते एका लहान बल्बाएवढे. पण त्याच काचेवर दुपारी चारचे ऊन प्रति चौरस मीटर 500 वॅटने पडत असेल, तर साध्या काचेतून सहाशे वॅटच्या वर उष्णता खोलीत उतरते, आणि साधी दुसरी काच जोडल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. ऊन अडवायचे असेल तर उष्णता परतवणारा लेप हवा, आणि तो उष्ण हवामानात बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. थंड देशांत तो सहसा आतल्या काचेवर असतो. लेप आहे की नाही हे घरी तपासता येते. रात्री दुहेरी काचेसमोर काडी पेटवली की ज्योतीची चार प्रतिबिंबे एकामागे एक दिसतात, आणि लेपाच्या पृष्ठावरची ज्योत वेगळ्या रंगाची असते. खोलीत उभे राहून पाहिल्यास ती जवळून तिसरी दिसायला हवी. माझ्याकडे पहिल्या खेपेला चारही ज्योती एकाच रंगाच्या निघाल्या, आणि पैसे मात्र लेपाच्या काचेचे गेले होते. अर्थात खिडकीवर हातभर छज्जा किंवा बाहेरून बांबूचा चटईपडदा असेल, तर लेपाची काच घेण्याआधी दोनदा विचार करावा, कारण काचेला न शिवलेले ऊन सर्वांत स्वस्तात अडते.

आता आवाजाकडे येतो. पहिल्या खेपेला मी रस्त्याकडच्या खोलीत 6-12-6 ची, म्हणजे सहा मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटर पोकळी अशी, सरकती खिडकी बसवून घेतली. पहिल्याच रात्री ध्यानात आले की मोटारींचे भोंगे जरा बोथट झाले आहेत, परंतु चढावर गिअर बदलणाऱ्या टँकरची घरघर पूर्वीइतकीच छातीत बसते. दुकानदाराला फोन केला तेव्हा त्याने आणखी जाड काच सुचवली. चूक जाडीत नव्हती. ती दोन ठिकाणी होती.

पहिली चूक पोकळीची. दोन काचा आणि त्यांमधली कोंडलेली हवा मिळून स्प्रिंगने जोडलेल्या दोन वजनांसारखे वागतात, आणि त्या जोडीचा स्वतःचा एक कंप असतो. त्या कंपाला आवाज अडण्याऐवजी आरपार जातो. सहा मिलिमीटरच्या काचेचे वजन चौरस मीटरला 15 किलो असते, त्यावरून 6-12-6 साठी हा कंप साधारण 200 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 200 कंपनांवर, येतो, आणि अवजड वाहनांच्या आवाजाचा बराच भाग नेमका त्याच्या आसपास असतो. शिवाय दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असल्या की दोघी एकाच सुराला कच खातात. म्हणूनच एकेरी 6 मिलिमीटर काच साधारण 31 डेसिबल अडवते, तर दुप्पट काच वापरणारी 6-12-6 जेमतेम 33. तिसरी काच त्याच जाडीच्या चौकटीत कोंबली तर पोकळ्या आणखी अरुंद होतात, आणि शांततेच्या दृष्टीने हाती फारसे लागत नाही. कारखान्यात तयार झालेली दुहेरी काचच घ्यायची असेल, तर दोन काचांची जाडी वेगळी ठेवावी आणि त्यांपैकी एक मध्ये चिवट पापुद्रा असलेली, लॅमिनेटेड, घ्यावी. तो पापुद्रा काचेची थरथर जिरवतो.

दुसरी चूक फटीची होती, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे, कारण ती मला आधीच कळायला हवी होती. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची काच कितीही भारी असो, ती खिडकी 20 डेसिबलपेक्षा अधिक अडवू शकत नाही. दीड चौरस मीटरच्या खिडकीला कडेने तीन मिलिमीटर फट असली की हा शंभरावा भाग भरला. सरकत्या खिडकीच्या कडांना ब्रशसारख्या केसाळ पट्ट्या असतात, आणि त्यांतून वारा जातो तसा आवाजही जातो. एका वाऱ्याच्या संध्याकाळी पंखा बंद करून मी पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवली. दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे धूर सरळ खोलीत वाकला, पण त्याहून जोरात तो वाकला चौकट आणि चिऱ्याची भिंत यांच्या सांध्यावर. जांभा खडबडीत आणि छिद्राळ असतो, त्याला चौकट कधीच नीट टेकत नाही. कारागिराने वरून सिलिकॉनची रेघ ओढली होती आणि मागे बोट जाईल एवढी पोकळी तशीच ठेवली होती. तिथे आधी फोमची दोरी ठासून मग सिलिकॉन भरावे लागते, आणि त्याहीआधी चिऱ्याची कड गिलावा करून सपाट करावी लागते.

दुसऱ्या खेपेला जे केले ते मात्र आपल्या घराला अगदी बसेल असे वाटते, कारण त्याला जुनी जाड भिंतच लागते. माझी भिंत सव्वा फुटाची आहे. बाहेरच्या अंगाची जुनी सागवानी खिडकी, तिची तावदाने आणि गज मी तसेच ठेवले. फक्त तावदानांची पुटी नव्याने भरून घेतली. मग भिंतीच्या आतल्या अंगाला, जुन्या काचेपासून वीतभर जागा सोडून, आत उघडणारी, बिजागऱ्यांची, चहूबाजूंनी रबरी पट्टी दाबून बसणारी एकेरी सहा मिलिमीटर काचेची खिडकी बसवली. पोकळी बारा मिलिमीटरवरून दीडशेवर गेली की तो कंप 60 हर्ट्झच्या आसपास उतरतो, आणि टँकरच्या घरघरीचा पुष्कळसा भाग त्याच्या वर, म्हणजे अडवता येण्याजोग्या टापूत येतो. पोकळीच्या कडांना मी जाड काथ्याच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे आवाज आतल्या आत घुमत नाही. त्या रात्री खिडकी बंद केल्यावर प्रथम भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि मग पाल चुकचुकलेली. त्या खोलीत हे दोन्ही आवाज मी रस्ता रुंद होऊ लागल्यापासून ऐकले नव्हते. टँकर अजूनही कळतो, पण झोप मोडत नाही. खर्च पहिल्या खिडकीच्या निम्म्याहून कमी आला.

या रचनेचा पावसाळी फायदाही आहे: झड बाहेरच्या खिडकीवर येते आणि आतली कोरडी राहते. गैरसोय एवढीच की पुसायला दोन खिडक्या होतात, आणि डासांची जाळी कुठे लावायची याचा आधी विचार करावा लागतो. आणखी एक पाहिले: वातानुकूलन यंत्र 22 वर ठेवले की पावसाळ्यात आतल्या काचेच्या पोकळीकडच्या अंगावर दव धरते, 26 वर ठेवले की धरत नाही.

तयार दुहेरी काचच बसवणार असाल, तर तिचे मरण कशात असते ते जाणून घ्या. दोन काचांमधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि कडेला दोन थरांचे सील असते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात चौकटीच्या तळाशी पाणी साचून राहिले की ते सील सुटते, दाणे भिजतात आणि काचांच्या मध्ये धुके धरते, जे कोणत्याही फडक्याने पुसता येत नाही. माझ्या पहिल्या खिडकीला हे दुसऱ्याच पावसाळ्यात झाले. तळाची पाणी निघून जाण्याची भोके कारागिराने, घर अधिक हवाबंद व्हावे या चांगल्या हेतूने, सिलिकॉनने बुजवली होती. चौकट कसली घ्यावी यावर मतभेद आहेत. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, गंजत नाही हे खरे, पण तिच्या पोटातली लोखंडी सळी आणि बाहेरचे स्क्रू गंजतात, म्हणून स्क्रू व बिजागऱ्या 316 प्रतीच्या स्टेनलेसच्या मागाव्यात आणि आलेल्या मालाला चुंबक लावून पाहावे. चुंबक घट्ट चिकटला तर माल परत करावा. बाहेरची काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली, असावी, हे जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या लोकांना सांगावे लागत नाही. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, त्यामुळे माप चौकट बसल्यानंतरच द्यावे. जाता जाता एक गंमत: माझी दुहेरी काच पुण्याला, म्हणजे सुमारे 560 मीटर उंचीवर, सील होऊन घाट उतरून आली होती, आणि खालच्या जास्त दाबाने दोन्ही काचा किंचित आत वाकल्या होत्या. समोरच्या माडांचे प्रतिबिंब त्यांत वाकडे दिसे. तो दोष समजून मी भांडलो होतो. तो दोष नव्हता.

शांततेसाठी खिडकी बंद करायची म्हणजे वारा बंद करायचा, हेही कोकणात विसरून चालत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या इको निवास संहितेत आपल्यासारख्या उष्ण-दमट पट्ट्यासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र खोल्यांच्या जमिनीच्या किमान 16.66 टक्के असावे असे म्हटले आहे, आणि थंड पट्ट्यासाठी हा आकडा 8.33 आहे. म्हणून संपूर्ण घर हवाबंद करण्याच्या फंदात पडू नका. पंधरा दिवस बंद राहिलेल्या खोलीतल्या कपाटाच्या पाठीला काय बुरशी येते ते आपल्याला ठाऊकच आहे. झोपण्याची एक खोली शांत करावी, तिच्यात रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीत लहान एक्झॉस्ट पंखा ठेवावा, आणि बाकीचे घर वाऱ्याला मोकळे असू द्यावे.

ही खोली स्लॅबखालचीच निवडा. मागच्या कौलारू भागात मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून आवाज वरून येतो, आणि तिथे खाली जड लाकडी किंवा जिप्समचे छत घातल्याशिवाय खिडकीवर केलेला कोणताही खर्च वाया जाईल. आईंची खाट सध्या मागे असेल, तर ती पुढच्या खोलीत आणून त्याच खोलीची रस्त्याकडची खिडकी मी सांगितलेल्या रीतीने आधी करून पाहा. भिंतीची जाडी फुटाहून कमी निघाली तर मला कळवा, कारण मग वीतभर पोकळी मिळणार नाही आणि लॅमिनेटेड दुहेरी काचेचाच विचार करावा लागेल. काम पाऊस सुरू होण्याआधी, चिरे पूर्ण कोरडे असताना करून घ्या; ओल्या जांभ्याला सिलिकॉन धरत नाही.