वाचकांचे प्रश्न : महायुद्धाचं वेळापत्रक

महासत्तांच्या चढाओढीवरच्या गेल्या अंकातल्या लेखावर बरीच पत्रं आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

साराजेव्होच्या खुनानंतर युद्ध पेटायला महिना लागला. एवढ्या वेळात कुणालाच आवरता आलं नाही का? — निवृत्त शिक्षिका, सहकारनगर

महिना होता खरा, पण त्यातला बहुतेक वेळ नुसता गेला. २८ जून १९१४ ला साराजेव्होत एका सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजाचा, फ्रान्झ फर्डिनांडचा, खून केला. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला ‘काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत’ असा शब्द देऊन टाकला. पुढचे अडीच आठवडे वरवर सामसूम होती. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली आणि २८ ला युद्ध पुकारलं. ३० ला सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाने संपूर्ण फौजेच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. ३१ ला जर्मनीने ‘१२ तासांत ती थांबवा’ म्हणून बजावलं आणि १ ऑगस्टला रशियाशी युद्ध जाहीर केलं. महिना, मग दोन दिवस, मग बारा तास.

इथे ‘जमवाजमव’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. राखीव जवानांना घरून बोलवायचं, शेतकऱ्यांचे घोडे ताब्यात घ्यायचे, रूळ लष्कराच्या हवाली करायचे, एवढा तो पसारा. जर्मनीला दोन आघाड्यांवर एकदम लढायचं नव्हतं. म्हणून आधी साधारण सहा आठवड्यांत रशियाचा मित्र फ्रान्स आटोपायचा आणि मग रशियाकडे वळायचं, असं ठरलेलं होतं. रशियाची फौज सावकाश गोळा होईल, यावर हा सगळा हिशोब उभा होता. त्यामुळे रशियाने सुरुवात करताच जर्मनीचा एकेक दिवस खर्ची पडू लागला. शिवाय बेल्जियममधलं लीएज पहिल्या काही दिवसांतच घ्यायचं होतं, कारण फ्रान्सकडे जाणारे रूळ तिथून जातात. म्हणजे बाकीच्या देशांना फौज गोळा करून थांबता आलं असतं, जर्मनीच्या योजनेत मात्र थांबायची जागाच नव्हती. त्यात बेल्जियमच्या तटस्थतेची १८३९ च्या तहात हमी दिलेली, म्हणून ४ ऑगस्टला ब्रिटनही उतरला.

वेग किती होता? कोलोनच्या ऱ्हाइनवरच्या पुलावरून २ ते १८ ऑगस्टदरम्यान ५४ डब्यांच्या सुमारे २,१५० गाड्या गेल्या. पुणे स्टेशनातून रात्रंदिवस दर दहा-बारा मिनिटांनी एक लष्करी गाडी सुटते आहे असं समजा. १ ऑगस्टच्या संध्याकाळी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, वाटलं, ब्रिटन फ्रान्सला बाहेर ठेवेल, तेव्हा सगळी फौज पूर्वेला फिरवावी. सरसेनापती मोल्टकेने सांगितलं, जमणार नाही. पुढे जर्मन रेल्वे विभागाच्याच एका जनरलने ते जमलं असतं असं दाखवून दिलं. मोल्टकेकडे दुसरी योजना तयारच नव्हती, आमच्या मते सगळ्यात मोठा दोष हाच.

खडकीच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातलीही नावं आहेत. युरोपातल्या भांडणाशी पुण्याचा काय संबंध? — विद्यार्थी, खडकी

संबंध आहे, आणि तो तेलातून येतो.

१९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरवली. तिच्यावर १२ इंची दहा तोफा होत्या, शिवाय टर्बाइनमुळे वेग. तिच्यापुढे जगातल्या सगळ्या जुन्या युद्धनौका मोडीत निघाल्या, आणि त्यांत सर्वांत जास्त ब्रिटनच्याच होत्या! जर्मनीला नव्या पाटीवर शर्यत सुरू करता आली. एकाने संरक्षणासाठी बांधायचं, दुसऱ्याने ती चढाईची तयारी समजून आणखी बांधायचं. अभ्यासक याला ‘सुरक्षेचा पेच’ म्हणतात. आणखी वेगासाठी ब्रिटनने १९१२ मध्ये फक्त तेलावर चालणाऱ्या युद्धनौकांची मागणी नोंदवली. कोळसा घरचा, तेल मात्र इराणचं. म्हणून १९१४ मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले. तिचा तेलशुद्धीकरण कारखाना आबादानला, म्हणजे तुर्कांच्या बसऱ्याच्या शेजारीच.

त्या कारखान्याच्या राखणीसाठी सहाव्या पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्येच मुंबईहून निघाली. तुर्कस्तानशी युद्ध अजून जाहीरही झालं नव्हतं. ६ नोव्हेंबरला ती फाओला उतरली, महिनाअखेरच्या आत बसरा पडलं. काम तिथेच संपलं होतं. पण नदीने वर, बगदादकडे जायचा मोह आवरला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये डिव्हिजन कूत इथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

एक सूचना : ही नावं खडकीला शोधू नका. तिथल्या १९१४–१८ च्या स्मारकावर आहेत ते तेव्हाच्या भारतात मरण पावलेले, देशभर विखुरलेल्या कबरींतले १,८०० हून अधिक लोक. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे.

इतका व्यापार असताना युद्ध परवडेल कुणाला? — व्यापारी, मार्केट यार्ड

१९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. व्यापारामुळे युद्ध महाग होतं, एवढंच. ‘उद्या आपण आणखी दुबळे होऊ’ अशी धास्ती ज्याला बसते, तो आज जास्त किंमत मोजतो. रशियाचा लष्करवाढीचा कार्यक्रम १९१७ मध्ये पुरा होणार, ही जर्मन सेनापतींची धास्ती होती. जपान तर सुमारे चार पंचमांश तेल अमेरिकेकडून घेत होता. १९४१ च्या उन्हाळ्यात ते बंद झालं, तेव्हा साठा दोनेक वर्षांचाच होता. डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरच्या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला.

गलवानला दोन अण्वस्त्रधारी देशांचे जवान दगड-दांडक्यांनी का लढले? — कोथरूड आणि औंधचे वाचक

१९९६ च्या भारत-चीन करारामुळे. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. दहा किलोमीटरच्या आत लढाऊ विमानं आणायची नाहीत. एका डिव्हिजनहून, म्हणजे सुमारे १५,००० जवानांहून, मोठा सराव रेषेजवळ टाळायचा. ब्रिगेडहून, म्हणजे सुमारे ५,००० हून, मोठा असेल तर आधी कळवायचं. १५ जून २०२० ला आपले २० जवान गेले, तरी गोळी सुटली नाही. कराराची कमजोर बाजूही तिथेच दिसली : दोन किलोमीटर मोजायचे कुठून? रेषा नेमकी कुठे आहे, यावरच दोन्ही देशांचं एकमत नाही.

टीव्हीवर रोज ‘महायुद्ध होणार’ चालू असतं. खरी चिन्हं कोणती? — गृहिणी, बिबवेवाडी

भाषणं सोडून द्या. रणगाडे सरावालाही निघतात. रक्तसाठा आणि तंबूतली इस्पितळं सीमेजवळ गेली, राखीव जवान बोलावले, वकिलातीतल्या लोकांची कुटुंबं परत निघाली, की लक्ष द्या. सरावाची शेवटची तारीखही बघा. रशिया-बेलारूसचा सराव २० फेब्रुवारी २०२२ ला संपायचा होता. त्याच दिवशी तो वाढवल्याचं जाहीर झालं आणि २४ ला युक्रेनवर हल्ला झाला.

दोन राजधान्यांमध्ये निरोप किती लवकर पोचतो, हेही बघा. १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेचप्रसंग उभा राहिला, तेव्हा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं एक लांबलचक पत्र वॉशिंग्टनमध्ये पूर्ण हाती येऊन उलगडायला जवळजवळ बारा तास गेले. त्यातून १९६३ ची मॉस्को-वॉशिंग्टन थेट जोडणारी ‘हॉटलाइन’ निघाली. सिनेमात दाखवतात तसा लाल फोन तिथे नव्हता, टेलिप्रिंटर होता. बोलण्यात अर्थाचा अनर्थ होतो, लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.