वितरण दिलेलंच नाही, तर अनुमान कसं काढायचं हे पहिल्या वर्षाच्या मुलांना कसं शिकवावं?

सहा निरीक्षणं आणि मध्यक (median, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) एवढ्यावरच सुरुवात करा, सूत्रं नंतर. नेमकं मध्यकावरच निरीक्षण पडत नाही अशा कोणत्याही वितरणात एक यादृच्छिक निरीक्षण मध्यकाच्या वर पडण्याची संभाव्यता १/२, खाली पडण्याचीही १/२. सहाही वर पडण्याची १/६४, सहाही खाली पडण्याची १/६४. म्हणून सहांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संख्येच्या दरम्यान समष्टीचा (ज्या संपूर्ण गटातून निरीक्षणं घेतली त्याचा) मध्यक असण्याची संभाव्यता ३१/३२, म्हणजे सुमारे ९६.९ टक्के. यात वितरणाचा आकार कुठेच आला नाही, आणि मुलांना नेमकं तेच दिसायला हवं.

त्यासाठी दोन डबे करा. प्रत्येकात १०० वेगवेगळ्या संख्यांच्या चिठ्ठ्या: एकात उजवीकडे लांब शेपूट असलेल्या, दुसऱ्यात दोन उंचवटे असलेल्या. चिठ्ठी काढा, नोंदवा, परत टाका, हलवा. असं सहा वेळा. सगळ्या गटांचे निकाल फळ्यावर मांडले की दोन्ही डब्यांत साधारण ३२ पैकी ३१ वेळा मध्यक सापडतो.

मुलं हमखास चुकतात ती इथे: या अंतरात ९७ टक्के डेटा आहे असं समजतात. डेटा सरासरी ५/७ च, म्हणजे सुमारे ७१ टक्के असतो. हे वेगळं विचारून घ्याच.

मोठी मर्यादा ही: आकार माहीत नसला तरी चालतो, निरीक्षणं यादृच्छिक आणि परस्पर स्वतंत्र मात्र असावीच लागतात. शिवाय हा हिशेब मध्यकाचा आहे, मध्याला (mean, म्हणजे सरासरीला) तो लागू करू नका.